व्हेनिसचं जुनं चित्र : मोल कसं ठरवायचं?

प्रश्न : आमच्या वाड्यात व्हेनिसच्या कालव्याचं मोठं तैलचित्र आहे. आजेसासऱ्यांनी ते लिलावात घेतलं होतं. कोपऱ्यात 'कॅनालेट्टो' अशी ठळक सही आहे. रंग काळवंडलेत. आधी पुसून घ्यावं की थेट किंमत काढावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुसू तर अजिबात नका. साबण नको, बटाट्याची फोड नको, ओला बोळाही नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात सुकलेल्या रंगाला बारीक तडे गेलेले असतात. त्यातून पाणी आत गेलं की कॅनव्हासवरची सरस फुगते आणि रंगाचे पोपडे सुटतात. ते पुन्हा बसवायचा खर्च किंमत काढण्याच्या खर्चापेक्षा जास्त.

सहीनं हुरळून जाऊ नका. व्हेनिसची दृश्यं रंगवणारा चित्रकार कॅनालेट्टो (१६९७–१७६८) सही क्वचितच करी. शिवाय त्याच्या चित्रांवरून व्हिसेंटिनी या कोरीवकारानं १७३५ मध्ये कोरीव छापे काढले. ते समोर ठेवून रंगवणारे पुढे पुष्कळ निघाले.

आधी दहापट भिंगातून आकाश पाहा. बारीक ठिपके दिसले तर तो ओलिओग्राफ, म्हणजे छापील चित्र. विषय तिथंच मिटला. ठिपके नसतील तर चित्र उलटं करा. खरी माहिती मागेच असते. अठराव्या शतकातलं कापड हातमागाचं, सूत कुठं जाड कुठं बारीक. हे सोलापूरकराला सांगायला नको. सूत एकसारखं असेल तर दोन शक्यता : चित्रच नंतरचं, किंवा जुन्या कॅनव्हासला मागून नवं अस्तर चिकटवलेलं. म्हणून कडेला दुमडलेला भागही बघा. खिळे, लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी, जुनी लेबलं, खडूचे आकडे, काहीही काढू नका.

मग अंधारात नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा धरा. जुनं वार्निश हिरवट चमकतं, नंतरची डागडुजी काळी दिसते. सहीही काळी दिसली तर ती बहुधा मागाहून घातलेली.

चित्रातल्या इमारतीही बोलतात. ग्रँड कॅनॉलवर १८५४ पर्यंत एकट्या रिआल्टोचा पूल होता. सान मार्को चौकाच्या पश्चिमेचं सान जेमिनियानो चर्च १८०७ मध्ये पाडलं. त्या जागी नेपोलियनच्या काळातली इमारत रंगवलेली असेल तर चित्र अठराव्या शतकातलं नव्हे. चर्च दिसतं म्हणून मात्र जुनं ठरत नाही, छाप्यावरूनही काढलेलं असू शकतं.

किंमत वयापेक्षा चित्रकारावर ठरते. स्वतः कॅनालेट्टो, त्याच्या कार्यशाळेतलं, त्याच्या वर्तुळातल्या कुणाचं, नंतरच्या अनुयायाचं, निव्वळ नक्कल : दर पायरीला भाव कोसळतो. लिलावगृहाच्या वर्णनात 'आफ्टर कॅनालेट्टो' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ नक्कल.

मत घ्यायला पुढचा-मागचा पूर्ण फोटो, चारही कोपरे, सही, बाजूनं तिरपा प्रकाश टाकून एक फोटो आणि फ्रेम वगळून सेंटिमीटरमध्ये माप पाठवा. आजेसासऱ्यांची लिलावाची पावती सापडली तर तीही जोडा. विम्यासाठीचा आकडा आणि विक्रीचा आकडा वेगळा असतो. कोणता हवा ते आधीच सांगा.

परदेशी लिलावगृहाला फोटो पाठवायला हरकत नाही. चित्र पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ते इटलीचं का असेना. म्हणून मूल्यांकन करणाऱ्याला भारतातल्या बाजाराचाच भाव विचारा.