दफनभूमीतले पक्षी

प्रश्न : मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत जुनी झाडं भरपूर आहेत, पण तासभर फिरूनही कावळे-साळुंक्यांपलीकडे काही दिसत नाही. काय चुकतं?

उत्तर : फिरणंच चुकतं. सकाळी सात ते नऊ या वेळात गळक्या नळाजवळ किंवा पालापाचोळ्याशेजारी वीस मिनिटं स्वस्थ बसा. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते.

हिवाळा सर्वांत समृद्ध. उंच फांद्यांत हळद्या, खाली लाल छातीचा माशीमार. त्याचा केशरी गळा शोधत बसू नका. माद्या व कोवळ्या वयाच्या नरांना तो नसतो. शेपटी उचलताच बुडाशी दिसणारे दोन पांढरे पट्टे हीच पक्की खूण. झुडपातून ‘चक्, चक्’ आलं तर तो बहुधा वटवट्या. मार्चपासून दयाळ गातो, तांबट वाळक्या फांदीत ढोली कोरतो. म्हणून वाळकी फांदी सरसकट तोडू नये, असं आम्हाला कळकळीनं वाटतं. मेअखेर-जूनमध्ये पाचोळ्यात उड्या मारणारा नवरंग शोधा. पावसाळ्यात पानोळा दाट, तेव्हा कानांवरच भिस्त.

रखवालदाराची परवानगी घ्या, थडग्यावर बसू नका. अंत्यविधी आला की दुर्बीण पिशवीत ठेवून दूर व्हा. २ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, जाऊच नका.