बंदरावरच्या आठवणीला तिथी हवी

चि. हीस अनेक आशीर्वाद.

बंदरावरच्या मच्छीमारांच्या आठवणींचं तुझं टिपण दोनदा वाचलं. भाषा चांगली आहे, माणसं बोलकी आहेत. पण सात पानांत एकही तारीख नाही. ‘फार पूर्वी’, ‘त्या काळी’, ‘मोठं वादळ आलं तेव्हा’. कोणतं मोठं वादळ? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ३ जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. श्रीवर्धन-दापोलीकडचा माणूस ‘मोठं वादळ’ म्हणाला तर बहुधा निसर्ग, मालवण-देवगडकडचा म्हणाला तर तौक्ते किंवा फयान. ‘बहुधा’वर सोडायचं नाही, तिथल्या तिथे विचारून घ्यायचं.

मात्र ‘साल कोणतं?’ असं थेट विचारू नकोस. समोरचा तुला नाराज करायला नको म्हणून एखादं साल ठोकून देतो आणि मग तेच कायमचं छापलं जातं. त्याऐवजी आठवण टांगायला खुंट्या दे, म्हणजे तारीख पक्की ठाऊक असलेल्या घटना. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. जुन्या लोकांना तो पक्का आठवतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. रेवस-अलिबागकडे नव्वदीच्या आसपासचं कोणी भेटलं तर ‘रामदास’ बोट ही खुंटी: १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. यांपैकी एक खुंटी धरून पुढे जा. भूकंप झाला तेव्हा होडीला यंत्र बसलं होतं का? जाळं सुती होतं की नायलॉनचं? थोरला मुलगा शाळेत जात होता का? उत्तरांतून ‘१९६७ नंतर, १९७१ च्या आधी’ एवढंच निघालं तर तेवढंच लिही. १९६९ लिहिलंस तर ते दिसायला नेटकं दिसेल, पण खोटं असेल.

जुनी कागदपत्रं पाहताना एक खड्डा आहे. १९८१ च्या आधीच्या कागदांत मालवण रत्नागिरी जिल्ह्यात असतं आणि अलिबाग कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात. ती चूक समजून दुरुस्त करू नकोस.

आता माणसांबद्दल. ‘दर्याचा राजा’, ‘रापलेला चेहरा’, ‘डोळ्यांत समुद्र’ हे सगळं काढून टाक. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, भेटायचं तर जून-जुलैत जा. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि माणूस सावलीत जाळं शिवत बसलेला असतो. तोंड मोकळं, हात कामात, अशा वेळी माणूस सर्वांत चांगला बोलतो. सुईवर दोरा भरलेला असतो, गाठ मारताना तो आस पट्टीवर किंवा बोटांवर मोजतो. आस म्हणजे जाळ्याचं भोक, मासा सुटणार की अडकणार ते त्यावर ठरतं. ‘ही किती बोटांची?’ एवढं विचार. तो दोन-तीन बोटं भोकात घालून दाखवेल आणि मग कोणत्या माशाला किती, आधी किती होती, आता लहान का झाली, हे तो आपणहून सांगेल. तुझ्या टिपणातल्या ‘पूर्वी मासे खूप मिळायचे’ या वाक्यापेक्षा ही उतरत गेलेली बोटं जास्त सांगतात.

बायकांना सकाळी गाठू नकोस. लिलाव, बर्फ, पाटी, गाडी या घाईत त्या तुला दोन शब्दांत वाटेला लावतील आणि ते बरोबरच आहे. दुपारी जेवणं आटोपल्यावर जा. भाव, उधारी, कोणत्या वर्षी बाजार बसला, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. खेदाची गोष्ट म्हणजे छापून येतात ते बहुतेक पुरुषच.

ध्वनिमुद्रण फोनवर चालेल. विमान मोड लाव, नाहीतर मधेच फोन येऊन मुद्रण थांबेल. पुळणीवर वारा माइकात शिरतो, म्हणून होडीच्या आडोशाला बसायचं आणि फोनवर पातळ रुमाल टाकायचा. सुरुवातीला दिवस, तारीख, गाव, वाडी तुझ्याच आवाजात बोल. बोली बदलू नकोस. मालवणकडचा माणूस ‘इसवण’ म्हणाला तर अवतरणात ‘इसवण’च, तुझ्या वाक्यात हवं तर ‘सुरमई’. ‘सरंगा’ आणि ‘पापलेट’ यांचंही तसंच.

टिपणासोबतच्या मासेमारीच्या बातमीत तुझ्या दोन चुका आहेत, दोन्ही नेहमीच्या. ‘दहा वाव पाण्यात जाळं टाकलं’ याचं तू ‘किनाऱ्यापासून दहा वाव अंतरावर’ केलंस. वाव हे खोलीचं माप, सुमारे सहा फूट. दहा वाव म्हणजे साठ फूट खोल. अंतर सागरी मैलात विचार. राज्याची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, आणि निम्मी भांडणं त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावरच असतात.

दुसरी चूक: ट्रॉलर आणि पर्ससीन एकच समजलीस. ट्रॉलर जाळं तळातून ओढत नेतो. पर्ससीनवाले थव्याला वेढा घालतात आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळतात. रापण तिसरीच: होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं, मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. या तिघांच्या तंट्याच्या बातमीत नाव चुकलं की सगळेच तुझ्यावर चिडतील आणि पुढच्या खेपेला कोणी बोलणार नाही. दर लिहितानाही किलोचा, पाटीचा की क्रेटचा आणि लिलाव सकाळचा की संध्याकाळचा, ते हवंच.

अपघाताची बातमी असेल तर धक्क्यावरच्या गर्दीला विचारून नाव लिहू नकोस. एका वाडीत एकाच नावाआडनावाची तीन माणसं निघतात. वडिलांचं नाव, घराची ओळख आणि ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा बोटीचा नोंदणी क्रमांक, एवढं जुळल्यावरच नाव. घरच्यांना कळलंय याची खात्री त्याहून आधी. शरीर सापडेपर्यंत शब्द ‘बेपत्ता’च ठेव. बेपत्ता माणसाला कायद्याने मृत धरायला एरवी सात वर्षं जावी लागतात, विम्याची रक्कम त्यावर अडकते. तुझ्या घाईच्या ‘बुडून मृत्यू’ने घरच्यांना कवडीचा उपयोग होत नाही, उलट प्रश्न वाढतात.

तिसऱ्या पानावरची आठवण मुद्दाम शेवटी ठेवली. त्यातले आजोबा सांगतात, नारळी पौर्णिमेनंतर सातव्या दिवशी, दुपारी बाराला, भर भरतीत खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. हिशेब करून बघ. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. वद्य सप्तमी: सात पाऊण सव्वापाच. म्हणजे भरती पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचला, आणि ओहोटीचा तळ साडेअकराच्या सुमारास. बाराला भर भरती येते ती पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास.

याचा अर्थ आजोबा खोटं बोलतात असा नाही. तीनपैकी एक गोष्ट सरकली आहे: दिवस, वेळ किंवा ‘भरती’ हा शब्द. मला शब्दाचा संशय येतो. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते, दोन्ही भिडले की लाट उभी राहते आणि तिथेच फुटते. तळ वाळूला टेकला की होडी आडवी होते. हे ज्याने पाहिलं त्याला पाणी ‘चढलेलं’च आठवणार.

पुन्हा जा. घड्याळाची वेळ विचारू नकोस. होडी आत येत होती की बाहेर निघाली होती, उलटण्याआधी तळाला धक्का बसला होता का, आणि दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी होती का, एवढं विचारून ये.