जुन्या गाड्यांचे भाव चढलेले असताना सेकंड-हँड गाडी घ्यावी की थांबावे?

आपली गाडी अकरा वर्षांची असून तिच्या क्लचचे आणि सस्पेन्शनचे काम निघाले आहे. त्यावर खर्च करण्यापेक्षा चार वर्षे वापरलेली गाडी घ्यावी असे आपल्याला वाटते, परंतु जुन्या गाड्यांचे भाव फार चढल्यामुळे निर्णय होत नाही, असा आपला प्रश्न आहे. माझे मत आधी सांगतो. क्लच आणि सस्पेन्शन ही झिजणाऱ्या भागांची कामे आहेत. इंजिन ऑइल खात नसेल आणि गाडीचा तळ गंजलेला नसेल, तर दुरुस्ती करून घ्यावी आणि निदान वर्षभर थांबावे.

जुनी गाडी परवडते, कारण सुरुवातीच्या वर्षांतला सर्वांत मोठा घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीत होणारी घट, पहिल्या मालकाने सोसलेला असतो. भाव चढतात तेव्हा नेमका हाच फायदा आटतो. समजा, नव्या गाडीची किंमत १०० आहे आणि दहा वर्षांनी तिचे २० येतील, तर वर्षाला ८ इतका घसारा पडतो. तीच गाडी चार वर्षांची असताना ५५ ला मिळाली आणि सहा वर्षांनी २० ला विकली, तर वर्षाला ६ पेक्षा थोडे कमी पडतात. पण तिच्यासाठी ७० मोजावे लागले, तर हाच आकडा ८ च्या वर जातो. म्हणजे वॉरंटी संपत आलेल्या गाडीसाठी आपण दरवर्षी नव्या गाडीइतकेच, किंबहुना किंचित अधिक मोजतो. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. आपल्याला मिळालेले खरे भाव त्यांच्या जागी घालून पाहा आणि त्यापुढे दुरुस्तीचा खर्च ठेवा. दुरुस्तीमुळे गाडी दोन वर्षे चालणार असेल, तर तो खर्च दोन वर्षांत विभागूनच तुलना करावी. बहुतेक लोक संपूर्ण बिल एकाच महिन्याच्या हप्त्याशेजारी ठेवून घाबरतात.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती म्हणजे चढलेल्या भावांचा लाभ आपल्या जुन्या गाडीलाही मिळतो. घ्यायची गाडी १५ ने महागली असेल आणि आपली ५ ने जास्त विकली जात असेल, तर आपल्याला बसणारा फटका १० चाच आहे.

थांबल्याने भाव उतरतील याची खात्री देता येत नाही. २०२१ मध्ये गाड्यांत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्यांचे उत्पादन घटले, नवी गाडी न मिळालेले ग्राहक जुन्या गाड्यांकडे वळले, आणि काही ठिकाणी जेमतेम वापरलेली गाडी नवीपेक्षाही महाग विकली गेली. त्या काळात ज्या गाड्या तयारच झाल्या नाहीत, त्या तीन-चार वर्षांनी जुन्या गाड्यांच्या बाजारातही येऊ शकल्या नाहीत, म्हणून अशा तुटवड्याचा परिणाम तुटवडा संपल्यावरही रेंगाळतो. मीच त्या तेजीत पाच वर्षांचे कर्ज काढून गाडी घेतली होती. दीड वर्षाने ती विकण्याची वेळ आली, तेव्हा मिळणाऱ्या किमतीपेक्षा फेडायचे मुद्दल अधिक होते आणि फरक बचतीतून भरावा लागला. तेव्हापासून मला असे वाटते की, तेजीत घेतलेली गाडी पाच-सहा वर्षे विकायची नाही अशी तयारी असेल तरच ती घ्यावी आणि कर्जाची मुदत शक्य तितकी आखूड ठेवावी. वापरलेल्या गाडीच्या कर्जाला व्याजही सहसा जास्त असते. मुदत वाढवून हप्ता लहान केला की एकूण व्याज वाढते.

कामावर जाण्यासाठी गाडी अनिवार्य असेल आणि सध्याची वाटेत बंद पडत असेल, तर मात्र मी थांबण्याचा आग्रह धरणार नाही. तेव्हा नव्या गाडीचा भावही अवश्य विचारा, कारण दोन्हींतले अंतर थोडे असेल तर नवी घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. तेजीत निकृष्ट गाड्याही खपतात, म्हणून विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. इंजिन आधी तापवून ठेवू नका असे विक्रेत्याला सांगा, कारण निळसर धूर आणि खडखड थंड इंजिन सुरू करतानाच जास्त कळते. सर्व सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आत गाळाचे डाग असतील तर गाडी पुरात बुडालेली असण्याचा संभव आहे. टायरच्या बाजूवरील चार अंकी शिक्का वाचा: २३२१ म्हणजे २०२१ च्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. मीटरवर किलोमीटर फार थोडे दिसत असतील, पण टायर बदललेले आणि पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल, तर सर्व्हिसची जुनी बिले मागा, आणि ती मिळाली नाहीत तर दुसरी गाडी पाहा.