‘रेड इंडियन’ नको, मग काय?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या सुटीचं पत्रक मराठीत काढायचं आहे. मसुद्यात वाक्य आहे, ‘आभारप्रदर्शन दिनी रेड इंडियन टोळ्यांनी पाहुण्यांना जेवू घातले.’ ‘रेड इंडियन’ खटकतं. ‘आदिवासी’ लिहावं की ‘मूलनिवासी’?

खटकतं ते योग्यच. कातडीच्या रंगावरून दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव ते. पण त्याला चिकटलेली ‘टोळी’ मला जास्त बोचते. टोळी दरोडेखोरांची असते, ऊसतोडीची असते. समाजाला मराठीत ‘जमात’ हा शब्द आहे.

‘मूलनिवासी’ अर्थाला जवळचा, पण महाराष्ट्रात त्याला चळवळीतला वेगळा अर्थ चिकटलाय, वाचक भलतीकडेच जाईल. ‘आदिवासी’ चालेल. ९ ऑगस्टचा संयुक्त राष्ट्रांचा दिवस आपण ‘जागतिक आदिवासी दिन’ म्हणूनच पाळतो.

तरी या पत्रकात आधी नाव हवं. १६२१ मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीत सुगीनंतर जी मेजवानी झाली, तिथे आलेले लोक वाम्पनोआग जमातीचे. प्रमुख मॅसासॉइट आणि बरोबर नव्वदेक माणसं. त्यांनी पाच हरणं मारून आणली, हे वसाहतीतल्याच एकाच्या पत्रात आहे. म्हणजे ‘जेवू घातले’ही अर्धवटच, पीक वसाहतवाल्यांचं, हरणं यांची. कातकऱ्याला आपण कातकरी म्हणतो, तसं वाम्पनोआगांना वाम्पनोआग म्हणा, पुढे खुशाल ‘अमेरिकेतले आदिवासी’ लिहा. आणि सगळी क्रियापदं भूतकाळात ढकलू नका. ही माणसं आजही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात.

‘पाहुणे’ मात्र काढाच. पाहुणा चार दिवसांनी घरी जातो. हे राहिले, जमिनी घेत गेले, आणि १६७५ मध्ये मॅसासॉइटच्याच मुलाला त्यांच्याशी लढावं लागलं. ‘इंग्लंडहून आलेले वसाहतवाले’ म्हणा.

थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, १९७० पासून, अनेक आदिवासी प्लिमथच्या टेकडीवर जमून शोक पाळतात. त्याला ‘राष्ट्रीय शोकदिन’ म्हणावं. ‘राष्ट्रीय दुखवटा’ म्हटलं की आपल्याला अर्ध्यावर उतरवलेला झेंडा आणि सरकारी परिपत्रक आठवतं. हा दिवस सरकारने जाहीर केलेला नाही.

राहिलं ‘आभारप्रदर्शन’. ते सभेच्या शेवटी होतं, लोक चपला शोधत असतात तेव्हा. सणाचं नाव थँक्सगिव्हिंगच राहू द्या.

माझा मसुदा असा: ‘नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग हा सुगीचा सण असतो. १६२१ मध्ये प्लिमथ इथे इंग्लंडहून आलेले वसाहतवाले आणि वाम्पनोआग जमातीचे लोक एकत्र जेवले, त्या प्रसंगाशी तो जोडला जातो. पुढे वसाहतींनी आदिवासींच्या जमिनी बळकावल्या. म्हणून अनेक आदिवासी हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात. या दिवशी कार्यालय बंद राहील.’ पिसांचे टोप घातलेली चित्रं मात्र पत्रकावर छापू नका.