बार मिट्झवानंतर मुलगा सिनेगॉगला यायला तयार नाही. ज्यू युवा गटात घातल्याने फरक पडेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौदाचा आहे, पुण्यात शिकतो, तेराव्या वर्षी बार मिट्झवाला, म्हणजे मुलगा धर्माने मोठा झाल्याच्या विधीला, तोरा हा आपला धर्मग्रंथ छान वाचला आणि तेव्हापासून सिनेगॉगचं, आपल्या प्रार्थनामंदिराचं, नाव काढत नाही. मी ठाण्याची बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. माझी दोन्ही मुलं अशा गटांमधून मोठी झाली आणि मीही बरीच वर्षं त्यांची शिबिरं सांभाळली. माझं मत स्पष्ट आहे: फरक पडतो, पण तिथे त्याच्या अंगावर काहीतरी काम पडलं तरच. नुसते खेळ आणि खाणंपिणं असेल तर मित्र मिळतील, बाकी काही हाती लागणार नाही.

मित्र मिळणं हेही थोडं नाही म्हणा. आपली मुलं बहुतेकदा वर्गात एकटीच ज्यू असतात. ‘म्हणजे तुम्ही पारशी का?’ याला उत्तर देऊन देऊन ती कंटाळतात. योम किप्पूरला, आपल्या उपासाच्या मोठ्या दिवशी, परीक्षा आली तर उपास धरायचा की पेपर द्यायचा, हा प्रश्न ज्याला समजावून सांगावा लागत नाही असा एक तरी सोबती हवाच.

अमेरिकेतल्या बीबीवायओ या ज्यू युवा संघटनेचं मूळ 1924 साली ओमाहात सुरू झालेल्या मुलांच्या संघटनेत आहे. तिथे पदाधिकारी मुलंच निवडतात, कार्यक्रमही तीच ठरवतात. मला त्यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. मुंबईत एके काळी हबोनीम आणि बने अकीवा या ज्यू युवा चळवळी जोरात होत्या. पण त्यांचा सगळा ओढा इस्रायलकडे होता. मुलं घडली आणि तिकडे गेली. आज मुंबईत एव्हलिन पीटर्स ज्यूइश कम्युनिटी सेंटरसारख्या ठिकाणी मुलं एकत्र येतात, सण करतात.

माझी एक तक्रार मात्र आहे. मुलांना हिब्रू गाणी आणि इस्रायली नाच शिकवतात, ते शिकवावेतच. पण आपला मलिदा, म्हणजे गोड पोहे आणि फळं ठेवून करायचा आभाराचा विधी, आपली मराठी कीर्तनं आजी-आजोबांवर सोडून देतात. आम्ही एका शिबिरात मलिदा पूर्ण मुलांवर सोपवला. एका मुलाने पोहे इतका वेळ भिजत ठेवले की लगदा झाला. मग त्याने आजीला फोन लावला. पोहे नुसते धुऊन निथळत ठेव, गूळ कधी घाल, ओलं खोबरं किती, वेलची शेवटी, हे सगळं तिने सांगितलंच. शिवाय त्यांच्या गावी, अलिबागेकडे, मलिदा कुणाच्या अंगणात व्हायचा आणि पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, कसा बंद असायचा, तेही सांगत बसली. मुलाने फोन स्पीकरवर टाकला. बाकीची मुलं हातातली फळं तशीच धरून ऐकत होती. त्या संध्याकाळी मलिद्याचं ‘एलियाहू हन्नाबी’ हे गाणं म्हणताना जो आवाज लागला, तो मी आधीच्या कुठल्या शिबिरात ऐकला नव्हता.

तुमचं पुण्यात असणं तर फायद्याचंच आहे. 1874 साली पुण्यातच मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा, म्हणजे पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रांत आपल्याकडच्या पोशाखातल्या बायका मात्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, करताना दिसतात. ती पानं त्याला दाखवा आणि पेसाहला सेदेरचा, म्हणजे त्या रात्रीच्या जेवणविधीचा, मराठी भाग त्याच्याकडून वाचून घ्या. लाल देऊळ आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो या पुण्यातल्या दोन सिनेगॉगांचा इतिहास शाळेतल्या मित्रांना सांगायला सांगा. या वयाची मुलं बाहेरच्याला समजावून सांगताना स्वतः खोलात जातात.

आणि एक गोष्ट त्याला कुणी नीट सांगितली आहे का, ते बघा. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. मोठ्या समाजात एक मुलगा नाही आला तर कळतही नाही. आपल्याकडे कित्येकदा नऊ जण दाराकडे बघत दहाव्याची वाट पाहतात. अमेरिकेतल्या गटांना मुलांसाठी जबाबदारी मुद्दाम निर्माण करावी लागते, आपल्याकडे ती आयतीच आहे. ‘धर्म म्हणून ये’ असं म्हणण्यापेक्षा हझानकडून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडून, त्याला फोन जाऊ दे, ‘आज एक जण कमी आहे, येतोस का?’

शिबिराला जरूर पाठवा, पण शिबिर वर्षातून एक-दोनदा. शुक्रवार संध्याकाळच्या किद्दूशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, शरबत आतापासून त्याच्याकडे द्या: काळे मनुके भिजवायचे, कुस्करायचे, गाळायचे. आणि शनिवार सकाळचा क्लास रविवारी हलवता येतो का, ते आधी विचारून घ्या.