वाचक विचारतात: मिठी मारायची की द्यायची?

प्रश्न: आमची चार वर्षांची नात न्यू जर्सीत वाढते आहे. फोनवर ती ‘आजी, तुला मिठी देते’ असं म्हणते. ‘मिठी मार’ म्हण असं सांगितलं, तर ‘मारायचं कशाला?’ असा उलटा प्रश्न येतो. तिला काय सांगावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मिठी मारतात. ‘मारणे’ म्हणजे नुसता फटका देणे नव्हे. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, गाठ मारतो. यातली गाठ मिठीला सगळ्यात जवळची आहे, कारण दोन टोकं एकमेकांत अडकवल्याशिवाय तीही बसत नाही. व्याख्या सांगण्यापेक्षा ही यादीच नातीला म्हणून दाखवा. ‘मिठी घालणे’ही चालतं. ‘देणे’ मात्र ‘आलिंगन’ या शब्दाचं क्रियापद आहे, आणि तो शब्द पुस्तकात शोभतो. फोनवर आजीला कुणी आलिंगन देत नाही.

परदेशात वाढणाऱ्या मुलांची खरी अडचण भूतकाळात होते. ‘तो मिठी मारतो, ती मिठी मारते’ इथपर्यंत ठीक असतं. पण ‘दादाने मिठी मारला’ हे चूक. तिथे क्रियापद दादाप्रमाणे नाही, मिठीप्रमाणे चालतं: दादाने मिठी मारली, सगळ्यांनी मिठ्या मारल्या. ज्याला मिठी मारायची त्याला ‘ला’ लावायचा: आजीला, झाडाला, खांबाला.

कोण लहान आणि कोण मोठं हेही शब्द सांगतात, आणि ते मुलांपर्यंत पोचावं असं आम्हाला मनापासून वाटतं. आजी नातीला ‘मिठीत घेते’ किंवा ‘जवळ घेते’. नात आजीला ‘बिलगते’. ‘मी आजीला मिठीत घेतलं’ हे वाक्य चार वर्षांच्या मुलीच्या तोंडी विचित्र वाटेल. तीच विशीत आली आणि आजी थकली की अगदी योग्य वाटेल. ‘बिलगणे’ला ‘ने’ चालत नाही. ‘नात आजीला बिलगली’ म्हणायचं, ‘नातीने बिलगलं’ नाही. भ्यालेल्या किंवा चुकलेल्या मुलाला ‘पोटाशी धरतात’. त्यात पांघरूण घालणं, सांभाळून घेणं आलं, म्हणून हा प्रयोग प्रत्यक्ष हात न लावताही करता येतो: सगळं गाव विरोधात गेलं तरी मामाने भाच्याला पोटाशी धरलं. झोपताना मूल ‘कुशीत शिरतं’. ‘कव’ म्हणजे दोन्ही हातांचा वेढा, त्यामुळे तिच्यात मापही येतं. दोघांच्या कवेत न मावणारा वड असं म्हणता येतं, तिथे ‘मिठीत न मावणारा’ म्हटलं तर कान अडखळतो.

प्रश्न: ‘अपघातात तिघांनी मृत्यूला कवटाळले’ अशी बातमी वाचली. हे बरोबर आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नाही, आणि गेलेल्या माणसांवर तो अन्यायही आहे. कवटाळणारा आपणहून कवटाळतो. हसत फाशी जाणाऱ्या क्रांतिकारकाने मृत्यूला कवटाळलं असं म्हणता येईल. अपघातात माणसं ‘मृत्युमुखी पडतात’ किंवा साधं ‘मरण पावतात’. ‘जुन्या रूढींना कवटाळून बसणे’ यातही तोच स्वेच्छेचा भाग आहे, वर सोडायला हवं ते न सोडण्याचा हट्ट.

मथळ्यांत आणखी एक गल्लत दिसते. ‘मगरमिठी’ म्हणजे सुटता न येणारी पकड, तिच्यात प्रेमाचा देखावाही नसतो. सावकाराच्या कर्जाची मगरमिठी म्हणणं योग्यच. वरून माया दाखवून आतून चिरडणारी असेल तर ती ‘धृतराष्ट्राची मिठी’. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्राने भीमाला भेटायला बोलावलं, तेव्हा कृष्णाने लोखंडी पुतळा पुढे केला आणि धृतराष्ट्राने त्याचा चुराडा केला. निवडणुकीच्या तोंडावर मोठा पक्ष छोट्याला जवळ करतो, तेव्हा बातमीदाराला बहुधा हा दुसरा शब्द हवा असतो.

प्रश्न: ज्ञानेश्वरांच्या ‘पांडुरंगकांती’ या रचनेत ‘क्षेम देऊ गेले’ असं येतं. क्षेम म्हणजे खुशाली ना? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: ‘योगक्षेम’ या शब्दात क्षेमचा अर्थ सुरक्षितता, कुशल असाच आहे. संतांच्या मराठीत मात्र ‘क्षेम देणे’ म्हणजे आलिंगन देणे. ‘क्षेमालिंगन’ हा जोडशब्दही जुन्या मराठीत भेटतो. या रचनेत अर्थाची खूण जवळच आहे: क्षेमासाठी मन उतावीळ झालं म्हणून बाहू स्फुरतात. खुशाली विचारायला बाहू कशाला स्फुरतील? पुढे मिठी मारायला जावं तर तिथे आपण एकटीच उरलो, असा अनुभव येतो. भेटणारी आणि ज्याला भेटायचं तो वेगळे राहत नाहीत, आणि क्षेमचा अर्थ नुसता ‘कुशल’ घेतला तर हा कळसच निसटतो. वारीत आजही माणसं आधी एकमेकांच्या पाया पडतात आणि मग ‘उराउरी भेटतात’. हा शब्द जपून ठेवावा असा आहे. तोही ‘ने’शिवाय चालतो: दोघे उराउरी भेटले.

प्रश्न: ईदच्या शुभेच्छापत्रात ‘गळे मिळूया’ लिहावं का? आणि ‘मीठी’ की ‘मिठी’? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: ‘गळाभेट घेऊया’ लिहा. ‘गळे मिळणे’ ही हिंदीची सावली आहे. ‘गळ्यात पडूया’ तर मुळीच नको, त्याचा अर्थ नको असताना लादणं असा होतो. ‘गळ्यात गळा घालणे’ दाट मैत्रीसाठी वापरतात.

‘मिठी’तला पहिला इकार ऱ्हस्व. ‘मीठी’ हे हिंदी विशेषण, अर्थ गोड. आपल्या ‘मीठ’ या शब्दाचंही सामान्यरूप होताना पहिला इकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘मिठात’ आणि ‘मिठीत’ यांत फरक फक्त ‘ठ’च्या काना-वेलांटीचा उरतो. हाताने लिहिताना ती नीट काढा.