मैत्रिणीला टीचर व्हायचंय, पण कॉलेजवाले म्हणतात ती फॉरेनर

प्रश्न : ताई, मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. आमच्याकडे गोठणगावला तिबेटी लोकांचा नोर्ग्येलिंग कॅम्प आहे, तिथली माझी मैत्रीण माझ्यासोबतच बी.ए.च्या लास्ट इयरला आहे. तिचा जन्म २००३ चा, आणि तिची आईपण इथेच कॅम्पात १९७८ मध्ये जन्मली. तिला बी.एड. करून टीचर व्हायचंय. एका कॉलेजात चौकशीला गेलो तर तिची आरसी, म्हणजे तिबेटी निर्वासितांना मिळणारं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, बघून म्हणाले तू फॉरेनर, तुझं काही जमणार नाही. तेव्हापासून ती म्हणते आता आईसोबत स्वेटरच्या दुकानावरच बसते. खरंच काही होऊ शकत नाही का?

उत्तर : होऊ शकतं गं, आणि व्हायलाच पाहिजे. दिवाळीनंतर गावोगावी स्वेटर घेऊन येणारी ही माणसं आपण लहानपणापासून बघतो, पण त्यांच्या पोरांना अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर काय ऐकावं लागतं ते आपल्याला माहीतच नसतं. तू लिहिलंस ते फार बरं केलंस.

आधी कॉलेजचं बघू. केंद्र सरकारचं २०१४ चं तिबेटी पुनर्वसन धोरण आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की शिकलेल्या तिबेटी लोकांना त्यांच्या शिक्षणाप्रमाणे कुठल्याही क्षेत्रात नोकरी करू द्यावी, आणि उदाहरणं देताना नर्सिंगच्या पुढे टीचिंगचं नाव लिहिलंय. त्याची प्रिंट काढा, त्या ओळीवर मार्कर मारा आणि पुन्हा जाल तेव्हा सोबत न्या. खिडकीवरच्या क्लार्कशी वाद घालत बसू नका, प्रिन्सिपॉलना लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखी मागा. तोंडी "नाही" म्हणायला काही लागत नाही, लेखी द्यायची वेळ आली की माणूस जरा नियम उघडून बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिच्या आईची जन्मतारीख तू सहज लिहून टाकलीस पण सगळी गोष्ट तिथेच आहे. आपल्या नागरिकत्व कायद्यात २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्माने भारतीय, आईवडील कुठले ते बघत नाहीत. म्हणजे १९७८ ची तिची आई कायद्याने भारतीय. आणि १९८७ नंतर पण ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्यांना आईवडिलांपैकी एक जण भारतीय असला तरी पुरतं, म्हणजे २००३ ची तुझी मैत्रीणसुद्धा. दिल्ली हायकोर्टाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिबेटी लोकांच्या केसेसमध्ये हे मान्य केलंय. हातात आरसी आहे म्हणून ती परकी होत नाही, फक्त दोघींचे जन्मदाखले लागतील, नावाच्या स्पेलिंगसकट जुळणारे, आणि जुन्या दाखल्यांत नेमका तिथेच घोळ असतो म्हणून ते काम आत्ताच काढा.

पण घाई करून आरसी परत द्यायला जाऊ नका. २०१७ मध्ये परराष्ट्र खात्याने पासपोर्टसाठी ज्या अटी घातल्या त्यात आरसी सरेंडर करा, कॅम्पात राहू नका, निर्वासित म्हणून मिळणारे फायदे सोडा असं सगळं होतं. घरच्यांच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही, आजीआजोबांनी १९७२ पासून जंगल साफ करून उभं केलेलं गाव आहे ते. कॅम्पातल्या सेटलमेंट ऑफिसमध्ये आणि एखाद्या वकिलाकडे विचारून, घरच्यांशी बोलून तिने स्वतः ठरवायचं, तू किंवा मी नाही.

नोकरीचं म्हणशील तर दोन रस्ते आहेत. जिल्हा परिषदेची शाळा हवी असेल तर नागरिकत्वाचा कागद लागणारच, आपल्याकडे डोमिसाईल ज्या दाखल्यावर मिळतं त्यात वय आणि राष्ट्रीयत्वही एकत्रच असतं, आणि पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) वगैरे सगळ्यांसारखंच. आणि हो, पहिली ते पाचवी शिकवायची असेल तर बी.एड. चालत नाही, २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिथे डी.एल.एड.च (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) लागतं, त्यामुळे कुठल्या वयाची मुलं शिकवायचीत ते तिला आधी विचार. दुसरा रस्ता तिबेटी शाळांचा. तिथे तिबेटी लिहिता-वाचता येणारे टीचर हवेच असतात आणि आपल्याकडच्या बाकी कुणाला ते जमणार नाही. सारनाथला तिबेटी उच्च शिक्षणाची मोठी संस्था आहे, १९६७ पासूनची, तिथे टीचर ट्रेनिंगपण होतं. तिबेटी धर्मगुरू आणि विद्वान सामदोंग रिनपोछे १९५९ मध्ये निर्वासित म्हणून भारतात आले, आधी शाळेत शिकवलं आणि मग १९७१ पासून २००१ पर्यंत तीच संस्था चालवली. तिच्या लोकांत हा रस्ता नवा नाही, हे तिला नक्की सांग.

एक साधी गोष्ट राहिली. बी.एड. सीईटीचे फॉर्म साधारण हिवाळ्यात सुटतात, आणि तेव्हाच तिचे आईवडील स्वेटर घेऊन बाहेरगावी, कागदपत्रं घरात कुलुपात. ते निघायच्या आधी सगळ्याचे स्कॅन करून तिच्या मोबाइलवर आणि तुझ्याही ठेवा, आणि फॉर्म भरायला तिच्यासोबत तूच जा.